बलिदानाचा डाव आणि समोरचा तगडा प्रतिस्पर्धी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडापानावर बुद्धिबळाविषयी येणारा मजकूर मी नियमाने वाचतो. त्यात अलीकडे एक मत वरचेवर डोकावते. संगणक आल्यापासून मोहरी देऊन केलेल्या हल्ल्यांना फारसा अर्थ उरलेला नाही, जुने गाजलेले आक्रमक डाव समोरच्याला धड बचाव करता न आल्यामुळे रंगले, आणि आज ते इंजिनासमोर, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीसमोर, ठेवले तर त्यांतले बरेचसे तत्काळ उघडे पडतात, असा त्या मताचा आशय असतो. मी स्वतः मास्टर दर्जाचा खेळाडू आहे. माझ्याहून सरस खेळाडूंसमोर बसण्याचे प्रसंग मला सतत येतात आणि त्या अनुभवावरून हे मत मला एकांगी वाटते. आक्रमक डावाची पारख करताना हल्ला करणारा काय खेळला इतकेच पाहून भागत नाही; तो कोणासमोर खेळला आणि त्या समोरच्याने काय काय करून पाहिले, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. हे म्हणणे माझ्या सर्वांत आवडत्या डावाच्या आधारे मांडण्याची परवानगी असावी.

हा डाव १९५८ साली रशियातील सोची येथे झाला. पांढरी मोहरी लेव पोलुगायेव्स्कीकडे होती आणि काळी रशीद नेझमेतदिनोवकडे. नेझमेतदिनोवचे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. त्याचा जन्म १९१२ चा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेला हा तातार मुलगा कझानमध्ये वाढला, बुद्धिबळ आणि ड्राफ्ट्स या दोन्ही खेळांत त्याने मास्टर हा किताब मिळवला आणि रशियन प्रजासत्ताकाचे अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. १९५४ मध्ये बुखारेस्टच्या स्पर्धेत कोर्चनॉयच्या मागोमाग दुसरा येऊन तो आंतरराष्ट्रीय मास्टर झाला, परंतु ग्रँडमास्टर हा किताब त्याला अखेरपर्यंत मिळाला नाही. समोर बसलेला पोलुगायेव्स्की त्या वेळी विशीतला तरुण होता. पुढे तो ग्रँडमास्टर झाला, १९७७ मध्ये जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि सिसिलियन बचावातील एका अत्यंत धारदार प्रकाराला त्याचे नाव चिकटले. घरी बसून चाल न् चाल तपासून येणारा, पटावर सहसा गोंधळून न जाणारा असा हा खेळाडू. म्हणजे हा डाव नवख्याला झोडपल्याचा नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे.

डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याने गैर असे काही केले नव्हते. त्याने किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला कोपऱ्याकडे नेला, उंट लांब कर्णावर बसवला, सोळाव्या चालीला घोडा पटाच्या मध्यावर डी-५ या घरात आणून ठेवला (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच या अक्षरांनी आणि आडव्या रांगा १ ते ८ या आकड्यांनी ओळखतात). काळ्याने मात्र राजाच्या बाजूची प्यादी एकामागून एक पुढे ढकलली आणि अठराव्या चालीला वजीर थेट एच-३ वर, पांढऱ्याच्या अंगणात नेऊन बसवला. पांढऱ्याचा राजा तिथून बाहेर पडू लागला. एफ-२, मग शह बसल्यावर ई-३. राजा मध्यावर येणे धोक्याचे असते हे पोलुगायेव्स्कीला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्याच्या हिशेबाने त्याच राजाने जागा मोकळी केल्यामुळे हत्तीला एच-१ वर येता येणार होते आणि काळ्याचा वजीर कोंडीत सापडणार होता. चोविसाव्या चालीला तो हत्ती आलाच.

या पटासमोर कोणताही चांगला खेळाडू बसवला तर तो आधी वजिराचा विचार करील. नेझमेतदिनोवने वजीर जिथल्या तिथे ठेवला आणि हत्तीने एफ-४ वरचे प्यादे मारले. प्याद्याने तो हत्ती मारावा तर एफ-४ वर उंटाचा शह बसतो आणि राजाभोवतीचे उरलेसुरले आवरण गळून पडते. म्हणून पोलुगायेव्स्कीने वजीर मारला. लगेच हत्ती एफ-३ वर गेला आणि त्याबरोबर एच-६ वरच्या उंटाची वाट मोकळी होऊन एकाच चालीत हत्तीचा आणि उंटाचा असा दुहेरी शह पडला. दुहेरी शह मध्ये मोहरे घालून थोपवता येत नाही, राजालाच हलावे लागते, आणि राजाला जाण्यासाठी एकच घर होते, ते म्हणजे पटाच्या ऐन मध्यावरचे डी-४.

इथवर पाहणाऱ्याला वाटते की आता शहांची सरबत्ती सुरू होणार. मी हा डाव विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा इथे हमखास थांबतो, कारण पुढची चाल त्यांच्यापैकी क्वचितच कोणाला सुचते. नेझमेतदिनोवने शह दिला नाही. त्याने एच-६ वरचा उंट शांतपणे जी-७ वर आणला. हिशेब मांडला तर काळ्याने वजीर दिलेला आहे आणि त्याच्या बदल्यात हाती एक प्यादे आले आहे. एवढे देणे अंगावर असताना त्याने कुठेही मारामारी न करणारी, शह न देणारी चाल केली आणि पांढऱ्याला एक संपूर्ण चाल मोकळी दिली. तो उंट आता आपल्याच ई-५ वरच्या घोड्याआडून राजावर रोखलेला आहे. बी-प्यादे दोन घरे पुढे गेले की राजाचा सी-४ कडचा मार्ग बंद होणार आणि मग घोडा हलताच सारे संपणार.

माझ्या दृष्टीने या डावाचे खरे मोल यापुढच्या चालीत आहे, आणि ती चाल हरणाऱ्याची आहे. एवढ्या दडपणाखाली पोलुगायेव्स्कीने तो धोका अचूक ओळखला आणि ए-प्यादे दोन घरे पुढे टाकून बी-प्याद्याची ती चाल रोखली. दुबळा प्रतिस्पर्धी इथे हाताला लागेल ते मारत सुटला असता आणि डाव तिथेच आटोपला असता. पोलुगायेव्स्कीच्या या चालीमुळे काळ्याला नवी वाट शोधावी लागली. त्याने सी-प्यादे पुढे टाकून शह दिला, पांढऱ्याने ते जाताजाता मारले, काळ्याने ते परत मारले, पांढऱ्याने उंट डी-३ वर आणून राजासाठी थोडी हवा केली, त्या उंटाचा घोड्याने बळी घेताच जी-७ च्या उंटाचा शह उघडा पडला, आणि मग तो राजा सी-४, बी-५, ए-५ असा पटाच्या दुसऱ्या टोकाकडे हाकलला गेला. काळ्याच्या ३३ व्या चालीला घोड्याचा शह बसल्यावर पांढऱ्याने डाव सोडला, कारण राजा ए-६ वर गेला असता तर बी-६ वर हत्तीने मात होती. किल्लेकोट करून जी-१ वर सुरक्षित बसलेला राजा डावाच्या शेवटी ए-५ वर उभा होता. त्याला तिथवर नेणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण वाटेत त्याला वाचवण्यासाठी जे जे करणे शक्य होते ते ते पोलुगायेव्स्कीने केले म्हणून नेझमेतदिनोवला एवढ्या खोल चाली खेळाव्या लागल्या, ही गोष्ट मात्र लेखनात सहसा येत नाही.

यावर आक्षेप येईल की एका डावावरून काय सिद्ध होते? त्याच नेझमेतदिनोवला पोझिशनल, म्हणजे हल्ल्यापेक्षा मोहऱ्यांच्या मांडणीवर भर देणारा, खेळ करणाऱ्या बलाढ्य खेळाडूंनी अनेकदा सहज नमवले. हे खरे आहे. युरी अव्हेरबाखसमोर त्याचे जवळजवळ कधीच काही चालले नाही, आणि त्याचे कारण अव्हेरबाखनेच दिले आहे ते असे, की या माणसाला हल्ल्याची संधी मिळाली तर तो कोणालाही गारद करू शकतो, म्हणून आपण त्याला तशी संधीच देत नसू. माझ्याहून बलवान असलेल्या खेळाडूंकडून मी जे शिकलो ते नेमके हेच आहे. ते हल्ल्याला घाबरत नाहीत, पण हल्ल्याच्या मोहातही पडत नाहीत. तुम्ही प्यादे देऊ केले तर ते घेतात, आणि योग्य क्षणी तेच प्यादे, प्रसंगी त्यावर आणखी काही, परत देऊन वजिरांची मारामारी घडवून आणतात. मग पटावर तुमच्या हल्ल्याचे नामोनिशाण राहत नाही आणि पुढचे दोन तास तुम्हाला किंचित वाईट असलेला अंतिम टप्पा खेळत बसावे लागते. घेतलेले परत देण्याची ही तयारी हेच मला बलवान खेळाडूचे सर्वांत ठळक लक्षण वाटते. मध्यम दर्जाच्या खेळाडूला मिळालेले मोहरे सोडवत नाही, आणि त्याच्याविरुद्ध केलेले हल्ले म्हणूनच वाजवीपेक्षा जास्त यशस्वी होतात.

हल्ला करणाऱ्याला बलवान प्रतिस्पर्ध्याने अशा रीतीने निष्प्रभ केल्याची उदाहरणे बुद्धिबळाच्या इतिहासात सुरुवातीपासून आहेत. अडॉल्फ अँडरसनने १८५१ मध्ये लंडनला किझेरित्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तो डाव आजही अमर म्हणून ओळखला जातो. त्याच अँडरसनला १८५८ मध्ये मॉर्फीने पॅरिसला सात विरुद्ध दोन डावांनी हरवले आणि १८६६ मध्ये स्टाइनिट्झने आठ विरुद्ध सहा असे नमवले. मिखाईल तालने १९६० मध्ये बोत्विनिककडून जगज्जेतेपद हिसकावले आणि पुढच्याच वर्षीच्या परतीच्या सामन्यात बोत्विनिकने ते १३ विरुद्ध ८ गुणांनी परत घेतले. अशा निकालांवरून आक्रमक खेळ कमअस्सल ठरवला जातो. मला ते पटत नाही, कारण या सगळ्या उदाहरणांत आक्रमक खेळाडू आपल्याहून बलवान किंवा आपल्याला पुरते ओळखून आलेल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळत होता, आणि तशा प्रतिस्पर्ध्यासमोर शांतपणे खेळून तरी त्याला काय अधिक मिळाले असते?

उलट बाजूचाही विचार व्हायला हवा. १९५७ साली ताल प्रथमच सोव्हिएत अजिंक्यवीर झाला, त्या स्पर्धेत त्याला हरवणाऱ्यांत नेझमेतदिनोव होता. पुढेही त्याने तालला हरवले, आणि १९६० च्या सामन्याच्या तयारीसाठी तालने आपल्या सहकाऱ्यांत ज्यांना घेतले त्यांत हाच ग्रँडमास्टर न झालेला कझानचा मास्टर होता. ऑस्ट्रियाचा आक्रमक खेळाडू रुडॉल्फ स्पीलमान याचेही तसेच. तो जगज्जेतेपदाच्या जवळपासही पोहोचला नाही, पण कॅपाब्लांकासारख्या जवळजवळ न हरणाऱ्या खेळाडूविरुद्ध त्याचे विजय आणि पराभव समसमान राहिले. दर्जाने कमी असलेला खेळाडू श्रेष्ठ खेळाडूला गाठतो तो बहुतेक वेळा अशाच डावांत, जिथे पटावरची परिस्थिती दोघांनाही पूर्ण मोजता येत नाही. स्पीलमानने खरे बलिदान आणि वरवरचे बलिदान असा भेद केला तो याच कारणाने महत्त्वाचा आहे. ज्यात दिलेले मोहरे काही चालींत परत मिळणार हे मोजून पाहता येते, ते वरवरचे. ज्यात ते कधी आणि कसे वसूल होईल हे सांगता येत नाही, केवळ पटाची जाण आणि धैर्य यांच्या बळावर द्यावे लागते, ते खरे. नेझमेतदिनोवनेच १९६२ मध्ये चेर्निकोवविरुद्ध बाराव्या चालीला वजीर देऊन फक्त एक उंट आणि एक घोडा घेतला. त्या वेळी पटावर मात नव्हती, मात करण्याची धमकीही नव्हती, त्याच त्या चाली पुन्हा खेळून बरोबरी घेण्याची सोपी वाट मात्र होती. ती नाकारून त्याने तो डाव जिंकला. याला जुगार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता इंजिनाविषयी. मीही रोज इंजिन वापरतो, त्याच्याशिवाय आज कोणत्याही खेळाडूची तयारी होत नाही. १९६० च्या सामन्यातील सहाव्या डावात तालने एफ-४ वर घोडा देऊन टाकला तेव्हा सभागृहात एवढा कोलाहल झाला की डाव मंचावरून उचलून आतल्या खोलीत न्यावा लागला. नंतरच्या विश्लेषणात त्या बलिदानाला उत्तर सापडले, हेही खरे आहे. पण ते उत्तर मिळाले ते निवांत बसून केलेल्या विश्लेषणात. बोत्विनिकला, म्हणजे त्या काळातल्या सर्वांत शास्त्रशुद्ध बुद्धिबळपटूला, ते चालत्या घड्याळासमोर सापडले नाही. डाव दोन माणसांमध्ये, ठरावीक वेळेत खेळला जातो; त्या वेळेत बोत्विनिकला जे अशक्य झाले ते सोपे होते असे आज पडद्यावरचा एक आकडा पाहून म्हणणे योग्य नाही. शिवाय यंत्राचा कल नेहमी बलिदानाविरुद्ध असतो हा समजही आता टिकणारा नाही. २०१७ मध्ये अल्फाझीरो या संगणक-प्रणालीने स्टॉकफिश या नामांकित इंजिनाविरुद्धच्या १०० डावांपैकी एकही न गमावता २८ जिंकले, आणि त्यांतील प्रसिद्ध झालेल्या डावांत त्याने प्यादी व मोहरी देऊन, ती परत मिळवण्याची घाई न करता, दीर्घकाळ दडपण ठेवले होते. हे पाहताना मला चेर्निकोवविरुद्धच्या त्या डावाची आठवण झाली.

बलवान प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याविषयी आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे कास्पारोवने टोपालोवला हरवले तो डाव बहुतेक बुद्धिबळप्रेमींना ठाऊक आहे. कास्पारोवने चोविसाव्या चालीला डी-४ वर हत्ती दिला. टोपालोवने तो न मारता राजा बी-६ वर नेला असता तर कास्पारोवला तो विजय मिळाला नसता. टोपालोवने तो मारला, त्याचा राजा पटाच्या एका टोकापासून थेट पांढऱ्याच्या पहिल्या पट्टीपर्यंत पळाला, आणि त्या पळण्यात त्यानेही प्रत्येक टप्प्यावर तगडा प्रतिकार केला. त्याच्या जागी सामान्य खेळाडू असता तर तो डाव दहा चाली आधीच संपला असता आणि कोणाच्या लक्षातही राहिला नसता. त्या डावाच्या सौंदर्यात टोपालोवचा निम्मा वाटा आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. बुद्धिबळाच्या बातमीत विजेत्याचे नाव, गुण आणि क्रमवारी एवढेच देऊन थांबू नये. आठवड्यातून निदान एक डाव संपूर्ण चालींसह छापावा, आणि त्याचे विवेचन एखाद्या जाणत्या खेळाडूकडून करून घ्यावे. ते करताना हरलेल्या खेळाडूने कोठे चिवट बचाव केला, कोणता सापळा ओळखला, त्याला कोणत्या क्षणी दुसरी वाट उपलब्ध होती, हेही लिहिले जावे. इंजिनाचा आकडा जरूर द्यावा, परंतु त्याच्याबरोबर खेळाडूंच्या घड्याळात त्या वेळी किती मिनिटे उरली होती हेही शक्य असेल तेव्हा द्यावे, कारण त्यावाचून तो आकडा वाचकाची दिशाभूल करतो. नव्याने खेळू लागलेली मुले आपले पान वाचतात. आपल्याहून बलवान खेळाडूसमोर बसल्यावर पहिल्या संधीला बरोबरी मागावी असा समज त्यांच्यात मी वाढताना पाहतो आहे, आणि केवळ निकाल वाचत राहिल्याने तो आणखी पक्का होतो.

या सदराची सुरुवात सोचीच्या डावाने करावी असे मी सुचवतो. पहिल्या आठवड्यात पांढऱ्याचा हत्ती एच-१ वर आला त्या क्षणाचा पट छापावा आणि काळ्याने काय खेळावे ते वाचकांना विचारावे. पुढच्या आठवड्यात उंट जी-७ वर आल्यानंतरचा पट द्यावा आणि आता पांढऱ्याच्या बाजूने विचार करायला सांगावे. दुसऱ्या प्रश्नाला ए-प्याद्याची चाल उत्तर म्हणून पाठवणारा एखादा शाळकरी वाचक निघाला, तर त्याचे उत्तर आपण ठळक छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक बुद्धिबळपटू वाचक